येतानाचं तिकीट

किस्से काय फक्त पोलिसांकडं, वकिलांकडं आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडंच साठतात असं नाही. आमच्याकडंही साठतात. पंचाईत एवढीच, की ते सांगायला जागा नाही! लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "काय अशोकभाऊ, धंदा काय म्हणतो?" आता समोर जिलबी वाढणारा उभा असताना त्याला काय सांगायचं?

बीडला बसस्टँडच्या पलीकडं माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. विमानाची तिकिटं, पासपोर्ट, व्हिसा, असं बोर्डावर लिहिलंय. बोर्डावर न लिहिलेलं एक काम आम्ही करतो. जिल्ह्यातलं कुणी परदेशात वारलं, तर त्याची मयत गावी आणायची. कधीमधी उलटंही, इथून तिकडं पाठवायची. आम्ही तिघं. मी, ऑफिस सांभाळणाऱ्या मंदाताई आणि अँब्युलन्सवाले शब्बीरभाई. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चहा मागवतो आणि एकमेकांनाच किस्से सांगत बसतो. तिघांनाही सगळे पाठ आहेत. तरी सांगतो.

*

ह्या कामाला सुरुवात झाली ती सिरसाळ्याकडच्या एका मेंढपाळ बाबांमुळं. त्यांचा भगवान आखातात गेला होता. कशाला? तर मेंढरं राखायला! घरची मेंढरं विकून तिकडच्या मालकाची राखायला वाळवंटात गेलेला माणूस. तिकीट मीच काढून दिलेलं. वर्ष व्हायच्या आत झोपेतच गेला.

बाबा ऑफिसात आले. मला वाटलं, आता हे माझी गचांडी धरणार.

"तुमीच धाडलतं ना माझ्या भगवानला?"

"हो बाबा. तिकीट मी काढलं होतं."

ते शांतपणे खुर्चीत बसले. "मंग आता येतानाचंबी काढा."

मी समजावून सांगायला लागलो. बाबा, हे तिकिटाचं काम नाही. आधी तिकडचा दवाखाना, मग पोलीस, मग मालकाची चिठ्ठी, मग आपली वकिलात. आणि एवढं करूनही विमानात त्याला सीट मिळत नाही. सामान येतं तिथून आणावं लागतं.

जे बोलायला नको ते बोलून गेलो होतो. बाबा माझ्याकडं बघत राहिले.

"सामानात?"

"हो."

"कळपातलं कोकरू वाटंत मेलं ना भाऊ, तरी आमी त्येला खांद्यावर घिऊन मुक्कामाला येतो. तुमच्या इमानाला खांदा न्हाई व्हय?"

फोन उचलला आणि कामाला लागलो. तो फोन अजून खाली ठेवलेला नाही असंच म्हणा.

*

नातेवाइकांना मी नेहमी सांगतो, मुंबईला विमानतळावर दोन माणसं बास. कोण ऐकतंय! केजकडच्या एका पाहुण्यांनी तीन जीपा भरून आणल्या. सासरे, मेहुणे, चुलते, भाऊबंद. मयत जावयाची होती.

आमची माणसं येतात ते गेट वेगळं, मागच्या बाजूला. कार्गोचं. तिथं ट्रक लागलेले असतात, खोकी चढत-उतरत असतात. मी आणि शब्बीरभाई तिथं कागद घेऊन उभे, आणि ही मंडळी गायब! फोन लावला तर म्हणाले, "आमी कवाचे गेटावर हाय. समदे लोक भाईर येऊ लागलेत, आपलं कुणी येईना!"

पळत गेलो. बघतो तर प्रवासी बाहेर पडतात त्या दारात ही सगळी मंडळी रांगेत उभी. एका बाजूला टॅक्सीवाले नावाच्या पाट्या घेऊन, दुसऱ्या बाजूला कुणाचं तरी पोरगं फुगे घेऊन, आणि मधे आमचे सासरेबुवा. हातात झेंडूचा भलामोठा हार!

तिथल्या सिक्युरिटीवाल्याला ते बघून कौतुक वाटलं असावं. मराठीच होता. हसून म्हणाला, "काय मामा, कोण येतंय?"

"जावई."

"अरे वा! पहिल्यांदाच येतायत का तिकडून?"

सासरेबुवांनी हार एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "शेवटचंच."

*

मंदाताईंचं काम सगळ्यात अवघड. फोनवर बोलायचं.

केज तालुक्यातला एक सुनील. तिकडं आगीत गेला. चेहऱ्यावरून ओळखता येईना. तिकडच्या दवाखान्यानं विचारलं, अंगावरची एखादी खूण कळवा. चुलत्यांना विचारलं तर त्यांना काही माहीत नव्हतं. बाप नाही, लग्न झालेलं नाही. उरली आई. आणि आईला सांगायचं नाही असं सगळ्या भावकीनं ठरवलेलं. "मयत दारात आल्यावरच सांगू. आदी सांगितलं तर म्हातारी ऱ्हायची न्हाई."

आता आली का पंचाईत! मंदाताईंनी दोनदा पाणी पिलं आणि फोन लावला. आवाज अगदी नेहमीचा ठेवला.

"मावशी, मी बीडहून बोलतेय, ट्रॅव्हल्सच्या ऑफिसातून. सुनीलच्या पासपोर्टचं जरा काम होतं. त्याच्या अंगावर काही खूणबिण आहे का?"

"हाय की. डाव्या पोटरीवर वण हाय. लांबडा. ऊसतोडीला गेलतो आमी, पाचटाच्या कोपीत खेळता खेळता पडला कोयत्यावर. लई रगत गेलं. मुकादम म्हणला, फडातच ऱ्हा. म्या न्हाई ऐकलं. कडंवर घिऊन चालत गेलते दवाखान्यात."

मंदाताई लिहून घेत होत्या.

"आनिक कानामागं तीळ हाय. उजव्या. आन् पायाचं धाकलं बोट वाकडं, त्येच्या बापावाणी. चप्पल टिकत न्हवती त्येला. लिवलं का?"

"लिहिलं, मावशी."

"पाठीवर लहानपणी गळू झालतं, त्येचा खड्डा हाय बारीक. आनिक इचार बाई. आज काय इचारायचं ते समदं इचार."

"बास, मावशी. झालं एवढ्यात."

"झालं न्हवं?" पलीकडून म्हातारी म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नव्हता. "मंग आता मला सांग. मयत कवा येतीय?"

*

हा छोटा किस्सा. तिकडून येणारी लाकडी पेटी चांगली भक्कम असते. बहुतेक घरं ती जाळून तरी टाकतात नाहीतर गावाबाहेर टाकून देतात. घरात कुणी ठेवत नाही.

एकदा शब्बीरभाई आणि मी पाटोद्याकडून परत येताना एका घरी थांबलो. वर्षभरापूर्वी तिथं मयत पोचवली होती. त्याच्या बायकोचा काही कागद राहिला होता तो द्यायचा होता. आत गेलो तर घरात भिंतीला लागून तीच पेटी! पुसून लख्ख केलेली, वर पोरींची दप्तरं-पुस्तकं मांडलेली. कडेला विमान कंपनीचा कागद अजून चिकटलेला.

शब्बीरभाईंना राहवलं नाही. "ताई, हे घरात कशाला ठेवलं?"

बाई चहा गाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "दर फोनला म्हणायचे, येताना तुझ्यासाठी आणतो काहीतरी. ह्येच आणलं."

*

शब्बीरभाईंना एक सवय आहे. ते मागच्या माणसाशी बोलतात. गतिरोधक आला की म्हणणार, "जरा सांभाळून हां, भाऊ." घाट लागला की, "वळणं हायत, पडून ऱ्हावा निवांत." आम्हाला सवय झालीय. पण सोबतच्या नातेवाइकांना ते कसं वाटेल, याचा ते विचार करत नाहीत!

एका मयतीबरोबर त्याचा मोठा भाऊ होता. मास्तर होते. मुंबईपासून पुण्यापर्यंत त्यांनी हे ऐकून घेतलं. पुणं सुटल्यावर भडकले.

"अहो, काय चाललंय तुमचं मघापासून? माझा भाऊ मेलाय!"

"माहितीय साहेब," शब्बीरभाई म्हणाले. "पर गावाकडं निघालाय न्हवं?"

मास्तर खिडकीबाहेर बघायला लागले. नगर गेलं, कडा गेलं, आष्टी गेली. मग एकदम मास्तरांनी मान वळवली आणि मागं बघून म्हणाले, "बाळ्या, हा रस्ता आता चौपदरी झाला बरं का. तू गेलतास तेव्हा नुसते खड्डे होते."

शब्बीरभाईंनी गाडीचा वेग कमी केला.

मग मास्तर थांबलेच नाहीत. हे बघ, इथं नवा पंप झाला. तो लिंब तोडला, ज्याच्याखाली आपली एसटी बंद पडलती. मांजरसुंबा मागं पडलं बघ. नेकनूरचा बाजार आता रस्त्याच्या पलीकडं भरतो. तुझ्या त्या दोस्तानं तिथं मोबाईलचं दुकान टाकलंय, तुझा नंबर मागत होता, माझ्याकडूनच द्यायचा राहिला. असं सगळं, हसत-बोलत. शब्बीरभाई सांगतात, "मला वाटलं, मागचा आता हुंकारा देतो का काय!"

मुख्य रस्ता सोडून गाडी गावाच्या वाटेला लागली आणि मास्तर एकदम थांबले.

शब्बीरभाईंनी थोडी वाट बघितली. मग म्हणाले, "सांगा की साहेब. पुढं काय लागतं?"

मास्तरांनी तोंडाला रुमाल लावला.

"पुढं घर हाय," ते म्हणाले.

*

बीडचेच एक नाना, रिटायर्ड तलाठी. मुलगा अमेरिकेत. सहा महिन्यांसाठी तिकडं निघाले होते, जोडीनं. तिकीट काढायला आले आणि माझं डोकं खाल्लं!

"अशोक, तिकडं मला काय झालं तर?"

"नाना, काही होत नाही तुम्हाला."

"तसं न्हाई. समजा झालं. तर मला इकडं आणता येतं का? किती दिवस लागतात? बर्फात ठेवतात का औषध भरतात? पोराला रजा न्हाई मिळाली तर पेटीसंगं कोण येणार?"

मी एकेक उत्तर देत होतो. मंदाताई तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी नाना म्हणाले, "मला तिकडल्या मशिनीत जाळू नका म्हणावं. बिंदुसरेच्या काठावर न्यायचं. तू साक्षीदार!"

काकू सगळा वेळ मागच्या बाकावर बसून होत्या. हातात पर्स. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की तिकडं विमानात चहा मिळतो का.

सहा महिन्यांनी नाना ऑफिसात आले. दारातूनच मी ओरडलो, "या नाना! आलात का नाही चालत?"

"आलो," नाना म्हणाले. त्याच बाकावर बसले. खांद्याला एक छोटी बॅग होती, ती काढून मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात ठेवला. बॅग खाली ठेवायला काही ते तयार होईनात.

मंदाताईंना आधी समजलं. त्या उठून उभ्याच राहिल्या.

"तिकडंच करावं लागलं सगळं," नाना म्हणाले. "पोरगं म्हणलं, आईची काही इच्छा होती का? मला सांगता येईना. मी सगळी माझीच चौकशी करत बसलो हो. हिची कुणी केलीच न्हाई."

*

आता शेवंताबाईंचा सांगतो. हा आम्ही तिघं एकमेकांनाही फारसा सांगत नाही.

शेवंताबाईंचा रमेश आखातात गाडी चालवायचा. गाडी उलटून तो आणि शेजारी बसलेला साथीदार, दोघंही जागेवर गेले. साथीदार श्रीलंकेचा होता. तिकडचे सोपस्कार होऊन रमेशची पेटी मुंबईला आली आणि आम्ही ती गावी पोचवली. केजच्या पुढं, आत बरंच लांब गाव. अंगणात सगळा गाव जमलेला. बायांनी शेवंताबाईंना दोन्हीकडून धरलं होतं.

पेटीचं झाकण काढलं. रमेशचा थोरला भाऊ पुढं झाला, वाकला आणि मागं सरकला.

"ह्यो रमेश न्हाई," तो म्हणाला.

शेवंताबाईंनी बायांचे हात झटकले. पुढं आल्या. बघितलं. खूप वेळ बघितलं.

"माझा न्हाई!" त्या ओरडल्या. "ह्यो माझा न्हाई! आगं, रडताव कावून? उठा! माझा रमेश जिता हाय!"

आणि त्या हसायला लागल्या. रडणाऱ्या बायांच्या पाठीत धपाटे घालायला लागल्या. सुनेला हाताला धरून उठवलं. घरात पळाल्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. तो फोडून ज्याच्या-त्याच्या हातावर ठेवत सुटल्या. "घ्या, तोंड गोड करा." शब्बीरभाईंच्या हातावरही ठेवला.

मी अँब्युलन्सच्या मागं जाऊन आखातात पेटी पाठवणाऱ्यांना फोन लावला. तिकडच्या माणसानं बघून सांगतो म्हणून फोन धरायला लावला. परत येऊन त्यानं सांगितलं. एकाच दिवशी दोन पेट्या निघाल्या होत्या. चिठ्ठ्या बदलल्या होत्या. रमेश श्रीलंकेला गेला होता.

मी परत अंगणात आलो. लोकांच्या हातात गूळ होता. कुणीतरी रमेशला फोन लावायचं बघत होतं. शब्बीरभाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि ते समजले. हळूच शेवंताबाईंच्या जवळ गेले. हातातला गूळ त्यांनी खाल्ला नव्हता. तो त्यांनी शेवंताबाईंच्या हातावर परत ठेवला.

"आक्का," ते म्हणाले, "हा तुमच्याकडंच ठेवा."

शेवंताबाई गुळाकडं बघत राहिल्या. मग खालीच बसल्या.

खरं काय ते कळल्यावर गावातली चार माणसं कुजबुजायला लागली. परक्याची मयत गावात नको, लगेच घेऊन जा. ते ऐकून शेवंताबाई उठल्या. पेटीच्या कडेला जाऊन बसल्या आणि पदरानं त्या पोराच्या तोंडावरची धूळ पुसली.

"परका कसला?" त्या म्हणाल्या. "माझ्या रमेशच्या शेजारी बसून गेलाय त्यो."

त्या श्रीलंकेच्या पोराला आम्ही बीडला आणलं, दवाखान्याच्या शवागारात ठेवलं. पोलिसांचा पंचनामा, मुंबईतल्या श्रीलंकेच्या वकिलातीचा होकार, नवी पेटी, आतलं पत्र्याचं अस्तर पुन्हा झाळून बंद करणं, सगळं पहिल्यापासून. तिकडं रमेशचंही तसंच चाललं असणार. आम्हाला तिकडची भाषा येत नाही, कुणाला विचारायचं माहीत नाही. मंदाताई दिवसभर फोनला चिकटलेल्या.

आणि ह्या सगळ्या दिवसांत शेवंताबाई रोज सकाळच्या एसटीनं बीडला यायच्या. शवागाराच्या बाहेर चिंचेखाली बसायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. थोरला मुलगा ओरडला, सून रडली, ऐकल्या नाहीत. तिथल्या रखवालदारानं एकदा विचारलं, "मावशी, आत तुमचं कोण हाय?"

"कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

पेटी निघायच्या दिवशी झाकण बसवण्याआधी त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. कमरेची पिशवी सोडून फणी काढली. त्या पोराचे केस सारखे केले. अँब्युलन्सचं दार लागल्यावर त्या शब्बीरभाईंच्या खिडकीपाशी आल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तिकडं रमेशपाशी कुणी बसलं आसंल का?"

शब्बीरभाईंना सगळ्यांशी बोलता येतं. त्या दिवशी ते काही न बोलता गाडी सुरू करून निघाले.

पुढच्या आठवड्यात श्रीलंकेहून रमेश आला. तेच अंगण, तीच माणसं. ह्या वेळी झाकण काढल्यावर कुणी पुढं होईना. शेवंताबाईच गेल्या.

रमेशच होता.

अंगावर कोरं पांढरं कापड होतं. उशाशी पांढरी फुलं, सुकलेली, आमच्याकडं न दिसणारी. आणि उजव्या मनगटाला सुताचा पांढरा दोरा बांधलेला, तीन पदरी, तिकडच्या कुणाच्या तरी हातानं नीट गाठ मारलेला.

"ह्यो कसला दोरा?" भावकीतला एक म्हातारा म्हणाला. "कात्री आणा. अग्नी द्यायच्या आदी तोडावा लागंल."

शेवंताबाईंनी रमेशचा हात कापडाखाली घेतला आणि वरून आपला हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.